रॅम्सबॉटमबाई

बाहेर पाऊस होता. इकडचा पाऊस आपल्यासारखा पडत नाही, नुसता हवेत लोंबकळत राहतो, आणि छत्री उघडावी की नाही हे ठरेपर्यंत माणूस ओला झालेला असतो. औषधांच्या दुकानात खिडकीलगत पाच-सहा खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातली एक धरून मी बसले होते. मुलीचं औषध न्यायचं होतं. काउंटरमागचा विशी-बाविशीचा पोरगा कागदी पिशव्यांवरची नावं वाचून एकेकाला पुकारत होता. मध्येच त्याने पुकारलं, "मिसेस रॅम्सबॉटम!" इकडच्या बोलीत 'रॅ'चा बराचसा 'रा' होतो. मला ऐकू आला तो सरळ आपला राम, आणि त्याच्या पाठोपाठ बॉटम. मी हसले. मनातल्या मनात नाही, चांगली तोंडाने, फस्सकन. जांभळ्या रेनकोटातली एक सत्तरी ओलांडलेली बाई उठली, पिशवी घेतली, आणि दाराकडे जाता जाता माझ्यासमोर थांबली. "हसा, हसा," ती म्हणाली. "मी तर या नावापायी स्मिथ सोडलं." खुर्च्यांवरचे सगळे हसले. ती चाकांची पिशवी ओढत निघूनही गेली. मग त्या पोराने पुढची पिशवी उचलली आणि तो अडकला. "मिसेस बोर... बोर्गा..." त्याने एकदा छताकडे पाहिलं, परत पिशवीकडे पाहिलं. मी उभी राहिले. पोरीने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, त्यामुळे पिशवीवर बोरगावकरच होतं.

या वेळी कुणीही हसलं नाही.

तेच लागलं मला. एकतीस वर्षं खामगावात मराठी शिकवलं आहे मी. सहावीच्या वर्गात उंदरे नावाचा एक मुलगा होता. हजेरीत त्याच्या आधी इंगळे यायचा. इंगळे 'हजर' म्हणाला की उंदरे पाठोपाठच 'हजर' म्हणून मोकळा व्हायचा, मी त्याचं नाव उच्चारायच्या आत. वर्गाला हसायला फटच मिळू नये म्हणून. जूनमध्ये मला वाटलं, पोरगा उतावळा आहे. खरा प्रकार लक्षात यायला दिवाळी उजाडली. त्या दिवशी मी वर्गाला अर्धा तास झापलं होतं, नाव काय कुणी स्वतः ठेवून घेतं का, नावाला हसायचं नसतं वगैरे. तोच अर्धा तास मी दुकानातून घरी येताना जसाच्या तसा स्वतःला ऐकवला. रात्री जावयाला किस्सा सांगितला तर तो म्हणाला, "आई, रॅम्सबॉटम हे गाव आहे. इथून चार मैलांवर. शनिवारी वाफेच्या इंजिनाची गाडी जाते तिकडे."

गाव! म्हणजे बाई आमच्यासारखीच निघाली. रॅम्सबॉटमकर.

मुलगी राहते ते गाव मँचेस्टरच्या उत्तरेला. लिहायचं 'बरी' आणि म्हणायचं 'बेरी'. (बोरगावकरांची पोर जाऊन जाऊन बेरीला पडली, यावर ह्यांनी फोनवर दोन दिवस विनोद केले.) तिथल्या वाचनालयात गावांच्या नावांचा एक जाडजूड कोश आहे. मी तीन सकाळी त्यात डोकं घालून बसले. पहिला धडा मिळाला तो बॉटमचा. हा शब्द मूळचा खोऱ्याच्या तळासाठीचा. दोन टेकड्यांच्या मधली सखल, ओलसर जागा म्हणजे बॉटम. आज ज्याला आपण हसतो तो अर्थ त्याला चिकटला अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर या नावाची माणसं चांगली पाच-सहा शतकं ताठ मानेने नांदली होती. लँकेशायर आणि शेजारचं यॉर्कशायर म्हणजे नुसत्या टेकड्या आणि घळी, त्यामुळे प्रत्येक घळीला एक नाव आणि प्रत्येक नावाचं एक घराणं. लाँगबॉटम, विंटरबॉटम. हिगिनबॉटम हे मुळात ओकच्या झाडांचं खोरं, बोलता बोलता त्याचं हिगिन झालं. सगळ्यात जास्त हसं होतं ते शफलबॉटमचं, आणि ते बिचारं मूळचं 'मेंढ्यांच्या झऱ्याचं खोरं' आहे, तेही याच बेरीच्या आसपासचं. मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आपल्याकडे सातारा भागात घाटाच्या कुशीत 'दरे' नावाची किती गावं आहेत! तिथून आलेले ते दरेकर. बॉटम म्हणजे दरेकर, दुसरं काही नाही. विंटरबॉटम म्हणजे हिवाळदरेकर. आता कोण हसेल?

आणि क्रिकेटवाला बोथम? तोही त्याच शब्दातून निघालेला. जुन्या इंग्रजीत त्या तळाला 'बोथम' असंही म्हणत. हे कळल्यावर मी ताबडतोब घरी फोन लावला. तिकडे आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, हे दुपारच्या झोपेतून उठून चहाची वाट बघत बसलेले, आणि चहा स्वतःच करायचा असल्याने चिडलेले. "इयान बोथम म्हणजे आपला दरेकर बरं का," मी म्हटलं. त्यांची चीड क्षणात उतरली. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर बोथमने शतक ठोकलं, एकशे चौदा, आणि वर दोन्ही डावांत मिळून तेरा बळी घेतले. एका कसोटीत शतक आणि दहाच्या वर बळी हे तोवर पुरुषांच्या क्रिकेटमध्ये जगात कुणीही केलं नव्हतं. ह्यांनी ती मॅच डेपोतल्या ट्रान्झिस्टरवर ऐकली होती आणि आपली त्यावरची नाराजी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तसूभर कमी झालेली नाही. "दरेकर असो नाही तर देशमुख," हे म्हणाले, "आपली दांडी उडवली त्यानं."

नाव बदलून सुटका करून घेणारेही झालेच. अर्थ बिघडल्यावर कित्येक बॉटम घराण्यांनी स्पेलिंग बदलून शेवटी 'बोथम' असं वळण दिलं, म्हणजे आवाज जरा भारदस्त. रॅम्सबोथम नावाचे एक गृहस्थ तर पार्लमेंटात गेले, मंत्री झाले, आणि उमराव करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बकिंगहॅमशायरमधल्या सोलबरी या गावाचं नाव पदवीसाठी घेतलं. १९४४ मध्ये सिलोनच्या राज्यघटनेसाठी जो सोलबरी आयोग नेमला तो यांचाच, पुढे ते तिथले गव्हर्नर जनरलही झाले. एका गावाचं नाव अंगावरून उतरवून दुसऱ्या गावाचं चढवलं. मला यात त्यांची लबाडी दिसत नाही, पण उंदरे आठवतो. तोही आता कुठेतरी 'यू. पाटील' अशी सही करत असेल, असं उगाच मनात येऊन गेलं.

राहिला प्रश्न रामाचा. कोश सांगतो, हे नाव कागदावर पहिल्यांदा दिसतं १३२४ मध्ये, 'रोमेसबोथम' अशा रूपात. पुढचा भाग म्हणजे खोरं, यात वाद नाही. मागच्या भागाला दोन वारसदार आहेत. एक 'रॅम' म्हणजे मेंढा. दुसरा 'ह्राम्सा' असा काहीसा उच्चार असलेला जुना शब्द, रानलसूण. मेंढ्याचं खोरं किंवा लसणाचं खोरं. कोशकारांनी दोन्ही अर्थ 'किंवा' घालून शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि ते पुढच्या गावाकडे वळले आहेत. मी नाही वळू शकले. मेंढा की लसूण हे मला कळायलाच हवं होतं. त्याच लसणातून रॅम्झी नावाची गावं निघाली, 'लसणाचं बेट' अशा अर्थाची, आणि त्यातल्या हंटिंग्डनकडच्या एका गावातून स्कॉटलंडला गेलेल्या माणसांपासून रॅम्झे हे आडनाव. तिकडे अमेरिकेत शिकागोचं नावसुद्धा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या रानलसणाच्या शब्दावरून आलेलं. लसणासारख्या गोष्टीवरून एवढी मोठमोठी नावं पडावीत! पण विचार केला तर यात नवल ते काय. नकाशे नव्हते तेव्हा माणसं जागा ओळखायची ती डोळ्यांनी, पायांनी आणि नाकाने. आपलीही तशीच आहेत की. पिंपळगाव, वडगाव, चिंचवड, जांभूळपाडा, पळसगाव. बोरगाव.

आता बोरगावचं सांगते. मी माहेरची पाटील. पाटलांना कुणी 'कुठले तुम्ही' म्हणून नावावरून विचारत नाही, कारण पाटील सगळीकडचे असतात. बोरगावकर झाले आणि पहिल्याच हळदीकुंकवाला चार बायकांनी विचारलं, "कोणतं हो बोरगाव?" मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. महाराष्ट्रात बोरगावं मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत. सातारा जिल्ह्यात आहे, सांगली जिल्ह्यात आहे, वर्ध्याजवळ आहे. आम्हाला जवळचं म्हणजे अकोल्यापुढचं बोरगाव मंजू. एकदा अमरावतीहून लग्न आटोपून येताना ह्यांनी गाडी तिथे थांबवली. पारावर तीन-चार म्हातारे बसले होते. ह्यांनी विचारलं, इथे बोरगावकर कुणी राहतात का? त्यातल्या एकाने तंबाखू मळता मळता ह्यांना खालून वरपर्यंत पाहिलं. "काऊन जी?" तो म्हणाला. "अथी कोनी बोरगावकर नाही. आमी सारे बोरगावचेच हाओ ना."

तेव्हा आम्ही हसलो आणि उसाचा रस पिऊन निघालो. हा म्हातारा मला बेरीच्या वाचनालयात परत भेटला. कोशाच्या प्रस्तावनेत नव्हे, माझ्या मनातच. कारण इंग्लंडमध्ये गावावरून आडनावं पडली ती नेमकी याच रीतीने. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव देऊन उपयोग काय? सगळेच तिथले. ज्याने गाव सोडलं, जो दुसऱ्या गावच्या बाजारात, चर्चच्या अंगणात, जमीनदाराच्या कारकुनापुढे उभा राहिला, त्याला विचारलं गेलं, कुठला रे तू? तो म्हणाला असेल, त्या लसणाच्या खोऱ्यातला. कारकुनाने ते लिहून घेतलं, आणि मग ते मुलाला, नातवाला चिकटत गेलं. (जहागीरदारांचं वेगळं. ते आपण धनी असलेल्या गावाचं नाव मिरवायचे. ते आपले पाटील-देशमुख समजा.) साधारण चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडभर आडनावं अशी बऱ्यापैकी पक्की झाली. आणि मजा अशी की त्या वेळी रॅम्सबॉटम हे धड गावही नव्हतं. रानाच्या कडेला चार झोपड्या असतील नसतील. गाव म्हणावं असं ते वाढलं गिरण्या आल्यावर, म्हणजे चार-पाचशे वर्षांनी. आडनाव आधी बाहेर पडलं, गाव मागाहून झालं.

आडनावाने तरी किती लांबचा पल्ला गाठला? फार नाही. १८८१ च्या जनगणनेतही बहुतेक रॅम्सबॉटम लँकेशायर आणि लगतच्या यॉर्कशायरच्या पट्ट्यातच सापडतात. टेकडी ओलांडली की झालं परगाव. त्यातलेच एक जॉन रॅम्सबॉटम, १८१४ मध्ये पलीकडच्या टॉडमॉर्डनला जन्मलेले. पुढे क्रूच्या रेल्वे कारखान्यात इंजिनांचे प्रमुख झाले. धावत्या गाडीने रुळांच्या मधल्या पन्हळीतून पाणी उचलून घ्यावं, थांबावं लागू नये, ही युक्ती त्यांची, १८६० ची. पण मला भावली ती दुसरी गोष्ट. पिस्टनला जी एका जागी चिरलेली लोखंडी रिंग बसवतात, दाबली की मिटते आणि सोडली की सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकते, ती त्यांनी १८५० च्या दशकात काढली. ह्यांची राजदूत मोटारसायकल धूर ओकायला लागली की बसस्थानकासमोरचा मिस्तरी मान हलवून म्हणायचा, "रिंग गेली, साहेब." काळ्या बोटांनी ती चिरलेली रिंग तो ह्यांच्या तळहातावर ठेवायचा, पुरावा म्हणून. ती रॅम्सबॉटमची रिंग आहे हे ना त्याला ठाऊक ना आम्हाला. रिंगला नाव नव्हतं, म्हणून तिला कुणी हसलंही नाही.

शनिवारी आम्ही गेलो. बेरीहून निघणारी ती गाडी हौशी लोकांनी जिवंत ठेवली आहे. प्रवासी वाहतूक १९७२ मध्ये बंद पडली होती, १९८७ मध्ये या मंडळींनी रॅम्सबॉटमपर्यंतचा मार्ग पुन्हा सुरू केला. डब्यात लाल-हिरव्या मखमली बाका, खिडकीला चामड्याचा पट्टा, आणि कोळशाचा तो वास. त्या वासासरशी मला थेट जलंब आठवलं. जलंबला उतरून खामगावची छोटी गाडी पकडायची, तेरा-चौदा किलोमीटरची, तिथेच सुरू होऊन तिथेच संपणारी. लॉर्ड मेयो स्वतः १८७० मध्ये तिच्या उद्‌घाटनाला आला होता. बारक्याशा खामगावला व्हाइसरॉय कशाला येईल? कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते ६५ तिकडचा कापूस अडला आणि इथल्या, ह्या खिडकीतून दिसणाऱ्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा वऱ्हाडचा कापूस हवा झाला. मुंबईत पैशाचा पूर आला. इकडे मात्र कामगारांना हा माल नको होता. आखूड धाग्याचा, सरकीची भुकटी आणि माती असलेला, मागावर सारखा तुटणारा. पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या सगळ्या कापसाला इथे सरसकट 'सुरत' म्हणत. सांगतात की एका प्रार्थनेत पाद्री देवाकडे कापूस मागत होता, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, देवा, कापूस दे, पण सुरत नको! पुढे पुढे कुठल्याही भेसळीच्या, हलक्या मालाला लोक 'सुरत' म्हणायला लागले. आमच्या वऱ्हाडी कापसाचं बाजारातलं खास नाव होतं 'ऊम्रा', म्हणजे उमरावती, आपली अमरावती. गावाचं नाव पोत्यावर बसून लिव्हरपूलला पोचलं, आणि तिथे शिवी होऊन राहिलं ते सुरतेचं. माझे वडील कापसाच्या बंड्या घेऊन खामगावच्या जिनात रात्र रात्र नंबर लावून बसायचे. घरी यायचे ते भुवयांवर रुई घेऊन, म्हातारे होऊन. त्यांच्या आजोबांच्या कापसाला कुणी इथे नाक मुरडलं असेल, हे खिडकीशी बसून मनात आलं आणि त्या दुकानातलं माझं हसू जरा हलकं झालं. फिटंफाट म्हणावं, तर तसंही नाही. ती जांभळ्या रेनकोटातली बाई काही गिरणीमालकीण नव्हती.

वाटेत समरसीट नावाचं स्टेशन लागलं. उन्हाळ्यात गुरं घेऊन जायची जागा, असा त्याचा अर्थ, नॉर्स लोकांच्या भाषेतला. गाडीशेजारून नदी वाहते ती अरवेल, वळणंवळणं घेत जाणारी. आणि गावावर ओणवी झालेली टेकडी आहे होल्कम, जिच्या नावाचा अर्थ 'खोल दरी'. दरीचं नाव टेकडीच्या माथ्यावर कसं चढून बसलं ते त्या टेकडीला ठाऊक. माथ्यावर १२८ फुटांचा एक दगडी मनोरा आहे, बेरीत जन्मलेल्या पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्यासाठी १८५२ मध्ये बांधलेला. याच पीलच्या रॉबर्ट नावावरून लंडनचा पोलीस 'बॉबी' झाला, आणि यांच्या वडिलांनी पैसा कमावला तो कापडछपाईत, त्यातला काही इथे रॅम्सबॉटमलाच. छापायचं कापड होतं कॅलिको. कॅलिको म्हणजे कालिकत, केरळातलं. लसणाच्या खोऱ्यात कालिकतच्या नावाचं कापड छापायचं, आणि धागा विणायचा अमरावतीचा. कोणत्या गावाचं नाव कुठे जाऊन कशाला चिकटेल, काही नेम नाही.

गाव मला आवडलं. काळपट दगडी घरं, उताराचे रस्ते, खिडक्यांत फुलं. गाववाले त्याला लाडाने 'रॅमी' म्हणतात. नातीने फार उत्साहाने सांगितलं की सप्टेंबरमध्ये इथे ब्लॅक पुडिंग फेकण्याची जागतिक स्पर्धा होते. रक्ताचं सॉसेज, ते भिरकावून वीस फूट उंचावर रचलेली यॉर्कशायर पुडिंगं पाडायची. मी जुलैत परत जाणार याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

मला हवं होतं ते नदीकडे उतरल्यावर मिळालं. आधी वास आला. झाडीत शिरलो आणि कुणीतरी शेजारच्या घरात वरणाला फोडणी दिल्यासारखा, पण ओला, हिरवा, मातीत मुरलेला वास. मग दिसलं. झाडांच्या बुंध्यांमधून उतारभर पसरलेली रुंद, गुळगुळीत, ओल्या हळदीची असावीत तशी पण लहान पानं, आणि त्यांवर पांढऱ्या चांदण्यांसारखे फुलांचे झुबके. एवढा लसूण की पाय ठेवायला जागा नाही. वाट चुकवली की पानं चिरडायची आणि वास दुप्पट व्हायचा. मी एक पान तोडून चोळलं, जावई "आई, त्याच्यासारखंच एक विषारी असतं" म्हणेपर्यंत तोंडात टाकलंही. पातीसारखी चव, शेवटी जिभेला चिमटा. विषारी पानाला हा वास नसतो, एवढं मी कोशाशेजारच्या वनस्पतींच्या पुस्तकात आधीच बघून ठेवलं होतं. उतारावर उभं राहून मान वर केली तर समोरच्या होल्कमच्या अंगावर मेंढ्या चरत होत्या, भरपूर, त्यात मेंढेही असणारच. कोशकारांनी 'किंवा' का घातला ते पटलं. तरी मी मनातून लसणालाच मत दिलं. मेंढा आज इथे, उद्या पलीकडच्या कुरणात. हा वास सातशे वर्षांपूर्वी कुणाला आला असेल तो याच उतारावर, आणि याच महिन्यात.

ओंजळभर पानं रुमालात बांधून आणली. मुलीकडे खलबत्ता आहे, मीच मागच्या खेपेला आणलेला. शेंगदाणे, हिरवी मिरची, मीठ आणि ती पानं. ठेचा हिरवागार झाला. भाकरीऐवजी पोळीशी खावा लागला, हे एक सोडलं तर तक्रार नाही. दोन दिवस बोटांचा वास गेला नाही.

तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात परत जायची वेळ आली. मी वाक्य पाठ करून गेले होते, इंग्रजीत, माफीचं. रोज रोज कोण भेटतं, पण ती खिडकीजवळच्या खुर्चीवरच बसली होती, तोच जांभळा रेनकोट. मी शेजारी बसले आणि वाक्य म्हटलं. तिला प्रसंग आठवेचना. तिच्या नावाला हसणाऱ्यांचा हिशेब ती ठेवत नसावी. मग मी सांगितलं की मी रॅम्सबॉटमला जाऊन आले, आणि तुमच्या नावात लसूण आहे. "ठाऊक आहे की," ती म्हणाली. "माझा नवरा दर मे महिन्यात सांगायचा. त्याचे लोक कधी रॅमीत राहिलेले नाहीत, चारशे वर्षं रॉचडेलमध्ये असतील, पण लसणाचा तोरा पाहावा तर असा!" तिने माझ्या हातांकडे पाहून नाक जरा हलवलं, पण बोलली नाही. मग विचारलं, "आणि तुमच्या नावात काय आहे?"

"गाव," मी म्हटलं. "बोरांचं गाव."

"बोर म्हणजे?"

आता बोर कसं सांगायचं? सफरचंद म्हणावं तर तेवढं मोठं नाही, चेरी म्हणावं तर तेवढं गोड नाही. संक्रांतीला लुटतात, शाळेच्या फाटकाशी मीठ लावून विकतात, झाडाला काटे असतात, परीक्षेच्या दिवसांत खाल्ली की घसा धरतो. यातलं काय इंग्रजीत बसणार? "लहान असतं," मी म्हटलं. "आंबट. वरून सुरकुतलेलं. आणि आत हे एवढं टणक बी, नीट चावलं नाही तर दात पडेल."

तिने क्षणभर विचार केला.

"म्हणजे माझी सासू," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसत होतो तेवढ्यात काउंटरमागच्या पोराने पिशवी उचलली, घसा खाकरला आणि एक नाव पुकारलं. कुणाचं, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.